हातापायांपलीकडचा लकवा

मी सिन्नरमध्ये फिजिओथेरपीचं काम करते. गावात लहानसं केंद्र आहे आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे मी घरी जाते. गुडघे, कंबर, मोडलेली हाडं हे सगळं असतंच, पण माझा जीव गुंतलेला आहे तो लकव्याच्या रुग्णांत. मुसळगाव आणि माळेगावच्या एमआयडीसीतले कामगार, वावी-पांढुर्लीकडचे शेतकरी, जुन्या गावातल्या विड्या वळणाऱ्या बायका असे सगळ्या थरांतले लोक या आजाराने माझ्यापर्यंत येतात. बहुतेकांच्या कहाणीत वाढलेलं ब्लडप्रेशर, मधुमेह, तंबाखू किंवा अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्या असतात.

वयस्कर माणसं या आजाराला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, तरुण मंडळी ‘पॅरालिसिसचा अटॅक’ म्हणतात. भेटायला येणाऱ्या पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “कोणती बाजू गेली?” घरातलं कोणी सांगतं, “डावी.” पाहुणा म्हणतो, “चला, जेवायचा हात तरी शाबूत राहिला.” बाजूची चौकशी तिथेच संपते. पुढचं सगळं बोलणं हात कधी उचलेल आणि काठी कधी सुटेल, याचंच.

इतक्या घरांत वावरल्यावर माझं ठाम मत झालं आहे की खरी चौकशी तिथून सुरू व्हायला हवी. डावी बाजू गेली म्हणजे मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाली आणि उजवी गेली म्हणजे डाव्या. मेंदूतून हातापायांकडे जाणारे बहुतेक तंतू पाठीच्या कण्यात उतरण्याआधी पलीकडच्या बाजूला ओलांडून जातात, म्हणून हा उलटा हिशोब. हातापायांची ही वाटणी लोकांना साधारण ठाऊक असते. पण बोलणं, आजूबाजूच्या जागेचं भान, आवाजातला भाव ओळखणं, आपल्याला काय झालंय याची जाणीव ही कामंसुद्धा मेंदूच्या दोन अर्धगोलांत सारखी वाटलेली नाहीत, हे घरच्यांना कोणी सांगत नाही. मग माणूस बदलला की घरचे त्याला नावं ठेवतात. हट्टी झाला, नाटकं करतो, माया राहिली नाही, असली वाक्यं मी लकव्याच्या रुग्णाच्या उशापायथ्याशी बसून फार ऐकली आहेत. त्यातली काही माणसं इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

जुन्या गावात राहणाऱ्या एक मावशी होत्या. आयुष्यभर विड्या वळल्या. सिन्नरच्या विडीधंद्यावर कित्येक संसार उभे राहिले. घरकाम आटोपलं की सूप मांडीवर घेऊन बायका ओट्यावर बसायच्या आणि बोलता बोलता हात चालायचे. मावशींच्या उजव्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि डाव्या हातापायातला जोर गेला. नशिबाने इजा फार मोठी नव्हती. काही महिन्यांत त्यांची बोटं हलू लागली, भिंतीचा आधार घेत त्या न्हाणीघरापर्यंत जाऊ लागल्या. कागदावर सगळं छान होतं. घरात मात्र रोज धुसफुस. मावशी शेजारणींना सांगत, “सून कोरडी भाकर पुढ्यात टाकते, कालवण दावीत बी न्हाई.” गल्लीत ही गोष्ट पसरली. सून रडकुंडीला आली होती आणि मुलगा दोघींच्या मध्ये अडकला होता.

एके दिवशी मी मुद्दाम जेवणाच्या वेळी गेले. ताट पुढ्यात होतं. उजव्या अंगाला भाकरी आणि फोडलेला कांदा, डाव्या अंगाला वाटीत मटकीचं कालवण आणि थोडा भात. मावशींनी भाकरी मोडली, कांद्याबरोबर कोरडीच खाल्ली आणि हात धुवायला पाणी मागितलं. वाटीला त्यांचा हातही लागला नाही, नजरही तिकडे वळली नाही. मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. वाटी उजवीकडे आली. मावशी सुनेकडे बघून म्हणाल्या, “आता वाढलं व्हय गं कालवण!” आणि पोटभर जेवल्या.

मावशींचे डोळे चांगले होते, त्यांना वाटी दिसू शकत होती. पण त्यांच्या मेंदूच्या लेखी डावीकडची दुनियाच उरली नव्हती. आपल्या अवतीभवतीच्या जागेकडे लक्ष पुरवण्याच्या कामात उजव्या मेंदूचा वाटा मोठा असतो. तो दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो आणि डावा मेंदू मुख्यतः उजव्या बाजूवर, असं एक प्रचलित स्पष्टीकरण आहे. त्यामुळे डाव्या मेंदूला इजा झाली तरी उजवा बरंचसं सांभाळून घेतो. उजवा जायबंदी झाला की डावीकडे बघणारं कोणी उरत नाही. असे रुग्ण डाव्या गालाची दाढी करत नाहीत, लुगड्याचा डावा पदर सरकलेला त्यांना कळत नाही, दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटतो.

खात्री करायला मी मावशींच्या मांडीवर सूप दिलं. कापलेली पानं आणि तंबाखू त्यात सारखी पसरली होती, शेजारी दोरा होता. इतक्या वर्षांची सवय, हात लगेच कामाला लागले. पान तळव्यावर घ्यायचं, चिमटीने तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे. डावा हात जरा अडखळत होता, पण विडी होत होती. थोड्या वेळाने त्या थांबल्या. “पानं संपली,” म्हणाल्या. सुपाचा उजवा अर्धा भाग रिकामा झाला होता. डाव्या अर्ध्यात पानं तशीच होती. सून आणि मुलगा दोघंही शेजारी बसून बघत होते. त्या दिवसानंतर त्या घरात कालवणावरून भांडण झालं नाही.

मग मी त्यांना एक प्रश्न विचारला. मिलान शहरात एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदियो लुझाती या दोन संशोधकांनी १९७८ साली अशाच रुग्णांना तो विचारला होता. त्यांनी रुग्णांना शहरातला मोठा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितला. आधी चौकाच्या दुसऱ्या टोकाला चर्चकडे तोंड करून उभं राहून, मग चर्चच्या दाराशी चौकाकडे तोंड करून उभं राहून. प्रत्येक वेळी रुग्णांनी मुख्यतः उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. जागा बदलली की आधी गाळलेल्या इमारती उगवायच्या आणि आधी सांगितलेल्या नाहीशा व्हायच्या. मी मावशींना विड्या द्यायला जायची वाट सांगायला लावली. जाताना त्यांनी उजव्या हाताची घरं, पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ असं सगळं न चुकता सांगितलं. येताना विचारलं तेव्हा गिरणी आणि देऊळ गायब, आणि जाताना गाळलेली घरं एकेक करून हजर. म्हणजे आठवणीत सगळी गल्ली शाबूत होती. त्या आठवणीच्याही डाव्या अंगाला मावशींचं लक्ष पोहोचत नव्हतं.

कालवणाचा प्रश्न सुटला तरी आणखी एक दुखणं राहिलं होतं. पुण्याला दिलेली त्यांची लेक मला फोनवर म्हणाली, “आईला आमची माया राहिली नाही हो ताई. मी आले काय, गेले काय, तिचा आवाज एकसारखा. मामा गेले तेव्हा सुद्धा ‘बरं’ एवढंच म्हणाली.” मावशींचं बोलणं मीही ऐकत होते. शब्द सगळे बरोबर, पण चढउतार नाही. चेहराही तसाच, स्थिर. एकदा व्यायाम चालू असताना मी त्यांना थेट विचारलं, भाऊ गेल्याचं वाईट वाटलं का? त्या त्याच सपाट आवाजात म्हणाल्या, “आतून तुटतंय गं पोरी. पन आवाजात येतच न्हाई.”

शब्द जुळवण्याचं काम बहुतेकांच्या बाबतीत डावा मेंदू करतो. त्या शब्दांना राग, लाड, थट्टा, काळजी यांचा सूर देण्याचं आणि दुसऱ्याच्या आवाजातला सूर ओळखण्याचं काम मोठ्या प्रमाणात उजवा मेंदू करतो. एलियट रॉस या अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने १९७० आणि ८० च्या दशकांत अशा रुग्णांचं बारकाईने वर्णन केलं. काहींच्या बोलण्यातला भाव जातो आणि आतली भावना जागेवर असते. काहींना समोरच्याच्या बोलण्यातला भाव कळत नाही, मग मुलगा चिडलाय की थट्टा करतोय हे त्यांना समजत नाही. मावशींच्या लेकीला मी एवढंच सांगितलं की आईचा सूर ऐकू नकोस, शब्द ऐक आणि तुझ्या मनातलंही शब्दांत सांग. ‘आई, मला तुझी काळजी वाटते’ हे वाक्य आपल्या घरांतून कोणी तोंडाने बोलत नाही, ते सुरावरूनच कळतं. जिथे सूर पोहोचत नाही तिथे वाक्य बोलावं लागतं. मावशींनाही मी तेच शिकवलं. वाईट वाटलं तर ‘मला वाईट वाटतंय’ म्हणा, आनंद झाला तर ‘मला बरं वाटलं’ म्हणा. पुढच्या खेपेला लेक आली तेव्हा मावशींनी तिला तसं म्हटलं. आवाज सपाटच होता, पण लेकीला जे हवं होतं ते मिळालं.

याच्या अगदी उलट टोकाला एक बाबा होते. तालुक्यातल्या एका खेड्यातले शेतकरी, कांदा आणि थोडा सोयाबीन. माळकरी घर. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते ती सिन्नर तालुक्यातून जाते आणि बाबा दरवर्षी तिच्याबरोबर चालत. त्यांच्या डाव्या मेंदूला झटका बसला. उजवा हातपाय गेला आणि वाचा गेली. लोकांचं बोलणं त्यांना बरंचसं कळत होतं. बोलायला गेले की तोंडातून एकच शब्द यायचा, “तेच.” पाणी हवं, तेच. पोट दुखतंय, तेच. बैलांना चारा घातला का, तेच.

पॅरिसच्या पॉल ब्रोका या शल्यविशारदाने १८६१ साली असाच एक रुग्ण पाहिला होता. तो ‘टान’ हा एकच शब्द उच्चारू शकत होता, म्हणून रुग्णालयात त्याला सगळे टान म्हणत. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकाने मेंदू तपासला तेव्हा इजा डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात सापडली. असे रुग्ण जमत गेल्यावर चार वर्षांनी ब्रोकाने जाहीर केलं की माणूस डाव्या मेंदूने बोलतो. आज आपल्याला माहीत आहे की उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ९५ जणांची भाषा डाव्या मेंदूत असते. डावखुऱ्यांमध्येही हे प्रमाण सत्तरच्या आसपास आहे.

बाबा रडायचे. शब्द सापडेना की चेहरा लाल व्हायचा, हातातला पेला फेकायचे आणि मग ढसाढसा रडायचे. मुलगा मला म्हणाला, “बापाला उभ्या जन्मात रडताना पाहिलं नाही, दुष्काळात बैलजोडी विकली तेव्हा पण नाही.” पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या जर्मन सैनिकांवर उपचार करताना कुर्ट गोल्डस्टाइन यांनी हेच पाहिलं होतं. न जमणारं काम पुढे आलं की रुग्ण एकदम कोसळायचे. नंतर इटलीत ग्विदो गाइनोत्ती यांनी १९७२ साली दोन्ही बाजूंच्या रुग्णांची तुलना केली. असं कोसळणं, रडणं, चिडणं डाव्या मेंदूच्या रुग्णांत जास्त दिसलं आणि आजाराबद्दलची बेफिकिरी उजव्या मेंदूच्या रुग्णांत जास्त. आमच्या कामात हा फरक फार उपयोगी पडतो. बाबांकडून व्यायाम घेताना मी जमणाऱ्या हालचालीने सुरुवात करायची, अवघड मध्ये घालायची आणि शेवट पुन्हा जमणाऱ्या हालचालीने. रडू यायच्या आधी त्यांचा श्वास भरभर व्हायचा. तो ओळखून थांबलं की पेला हातातच राहायचा.

पण बाबांच्या बाबतीत सगळ्यात जास्त जखम गावाने केली. संध्याकाळी देवळात हरिपाठ व्हायचा. मुलाने त्यांना खुर्चीवर बसवून नेलं. टाळ सुरू झाले आणि बाबा गायला लागले. एकदोन शब्द नाही, अभंगामागून अभंग, सगळ्यांच्या बरोबरीने. आधी लोकांना आनंद झाला. मग कुजबुज सुरू झाली. गाता येतं तर बोलता कसं येत नाही? घरात सुनांवर रुसून मौन धरलंय, असं एकाने सांगितलं. सोंग आहे, असं दुसऱ्याने. मुलगाही डळमळला आणि एका रात्री बापावर ओरडला. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा बाबांनी व्यायामाला हातच दिला नाही.

मी मुलाला आणि दोन शेजाऱ्यांना ओसरीवर बसवून सांगितलं की हे सोंग नाही, मेंदूची रचनाच अशी आहे. स्वीडनच्या ओलोफ डालिन यांनी १७४५ साली एका माणसाबद्दल लिहून ठेवलं आहे. लकव्यानंतर त्याला बोलता येत नव्हतं, पण चर्चमधली भजनं तो नीट गात होता. नवं वाक्य जुळवणं वेगळं आणि वर्षानुवर्षं मुखोद्गत झालेलं, तालासुरात बांधलेलं म्हणणं वेगळं. चाल आणि सूर सांभाळण्यात उजव्या मेंदूचा मोठा हात असतो आणि बाबांचा उजवा मेंदू शाबूत होता. आरत्या, पाढे, वारांची नावं, कधी कधी शिव्या सुद्धा अशा रुग्णांच्या तोंडून सहज निघतात. घरचे मग म्हणतात, शिवी देता येते, पाणी मागता येत नाही? खरंच येत नाही.

याच वाटेने बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी १९७३ साली उपचाराची एक रीत मांडली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य दोन सुरांत गाऊन म्हणायचं, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरायचा आणि हळूहळू गाणं कमी करत बोलण्याकडे यायचं. नाशिकच्या वाचाउपचारतज्ज्ञ ताईंनी बाबांना हे सुरू करून दिलं आणि त्यांच्या सांगण्यावरून घरी सराव मी घेत होते. डाव्या हाताने मांडीवर ताल, तोंडाने वाक्य. सगळ्या रुग्णांना याचा गुण येत नाही आणि येतो तोही बहुतेक सराव केलेल्या वाक्यांपुरता. बाबांना सगळ्यात आधी जमलं ते “चहा नको.” त्याआधी कितीतरी दिवस समोर आलेला प्रत्येक कप त्यांना प्यावा लागत होता, कारण नाही म्हणता येत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सुनेला सलग तीनदा “चहा नको” म्हटलं आणि हसले.

तिसरे गृहस्थ कारखान्यात काम करणारे, पन्नाशीच्या आतले. उजव्या मेंदूला मोठी इजा, डावा हात पूर्ण लुळा. मी गेले तेव्हा पत्नी कौतुकाने म्हणाली, “यांची हिंमत बघा, जराही टेन्शन घेतलं नाही.” मी म्हटलं, दादा, डावा हात वर करा. ते म्हणाले, केला. हात गादीवर पडलेला होता. मी म्हटलं, दिसत नाही हो वर. ते म्हणाले, खांदा दुखतोय म्हणून आता नको. मग मी तोच हात उचलून त्यांच्या उजव्या हातात दिला आणि विचारलं, हा कोणाचा? किंचित विचार करून म्हणाले, “भावाचा असेल, तो इथेच झोपला होता.” त्याच आठवड्यात ते रात्री एकटेच उठले, चालायला गेले आणि पडले. कामावर कधी जायचं आणि मोटरसायकलची चावी कुठे आहे, हे ते रोज विचारत.

याला हिंमत म्हणत नाहीत. जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच मेंदूतज्ज्ञाने १९१४ साली या अवस्थेला नाव दिलं. आपल्याला आजार झाला आहे हेच रुग्णाच्या जाणिवेपर्यंत पोहोचत नाही. डावी बाजू गेलेल्यांत हे जास्त आढळतं. हातात काही बिघाड आहे ही बातमी उजव्या मेंदूकडून मिळत नाही आणि शाबूत असलेला डावा मेंदू जी माहिती हाती आहे तिच्यावरून काहीतरी पटेल असं कारण जुळवतो, असा एक विचार आहे. त्याला बळ मिळतं ते एका प्रसिद्ध प्रयोगातून. दोन अर्धगोलांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा जाड पट्टा असतो, कॉर्पस कॅलोसम. अपस्मार आटोक्यात यावा म्हणून काही रुग्णांचा तो शस्त्रक्रियेने कापला होता. या रुग्णांवरच्या संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मायकेल गॅझॅनिगा यांनी अशा एका रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फाने झाकलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने बर्फ उपसायचं फावडं. फावडं का, असं विचारल्यावर बोलणाऱ्या डाव्या मेंदूला बर्फाचा पत्ताच नव्हता. तरी उत्तर क्षणात आलं, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला. तो खोटं बोलत नव्हता. आमचे दादाही खोटं बोलत नव्हते.

त्यांच्या पत्नीला मी सांगितलं की वाद घालू नका, पटवून देण्यात दिवस घालवू नका. पलंगाला कठडा लावा, चावी घराबाहेर ठेवा, रात्री कोणीतरी जवळ झोपा. पैशांच्या कागदांवर सध्या सह्या नकोत. बहुतेकांची ही अवस्था काही आठवड्यांत ओसरते. दादांचीही ओसरली. मग त्यांना हाताचं भान आलं आणि पहिल्यांदा रडू आलं. पत्नी घाबरून म्हणाली, आता तब्येत बिघडली. मी म्हटलं, आता व्यायामाला खरी सुरुवात होईल. तशी ती झाली.

इथे एक सावधगिरीचं सांगणं आवश्यक आहे. डावा मेंदू हिशोबी आणि उजवा भावनाशील, अमका माणूस डाव्या मेंदूचा आणि तमका उजव्या मेंदूचा, ही वाटणी चुकीची आहे. मुलांचा ‘उजवा मेंदू जागा’ करून देणाऱ्या शिकवण्यांच्या जाहिराती आमच्याकडेही येतात आणि पालक मला विचारतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी एक हजारावर लोकांच्या मेंदूंचे स्कॅन तपासून २०१३ साली निष्कर्ष काढला की कोणाचाही सगळा मेंदू असा एका बाजूला झुकलेला आढळत नाही. काही कामं एका बाजूला जास्त होतात, एवढंच खरं. निरोगी माणसात दोन्ही अर्धगोल सतत एकमेकांशी बोलत असतात. भावनाही दोघांच्या मिळूनच असतात.

नैराश्याच्या बाबतीतही हेच. डाव्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की नैराश्य येतं, असं काही काळ ठामपणे सांगितलं जाई. २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला आणि इजेच्या जागेवरून नैराश्याचा धोका ठरतो याला आधार सापडला नाही. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, बाजू कोणतीही असो. म्हणून मावशींचा कोरडा आवाज ऐकून ‘यांना काही वाटत नाही’ म्हणणं जितकं चूक, तितकंच ‘उजवा मेंदू गेलाय, नैराश्य नसणार’ म्हणणंही चूक. काही रुग्णांना मनात दुःख नसताना अनावर रडू किंवा हसू येतं, ते आणखी वेगळं आणि त्यावरही औषध आहे. हे वेगळं ओळखायचं काम डॉक्टरांचं. झोप उडणं, जेवण टाकणं, व्यायामाला नकार, ‘मला कशाला जगवता’ असं बोलणं यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगायचं काम घरच्यांचं. नैराश्यावर उपचार झाले की माणूस व्यायामालाही साथ देतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

झटका येतो त्या क्षणीही बाजूचा फरक पडतो. जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासात २००५ साली असं दिसलं की डाव्या मेंदूचा झटका लोकांच्या आणि डॉक्टरांच्या लवकर लक्षात येतो. कारण उघड आहे. वाचा गेली की घर हादरतं. डावा हात जड झाला तर ‘झोपेत दबला असेल’ म्हणून माणूस पडून राहतो आणि ज्याला स्वतःचा आजारच जाणवत नाही तो तर तक्रारही करत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. सिन्नरहून नाशिक तीसेक किलोमीटर आहे. रस्त्याने वेळ जात नाही. वेळ जातो तो अंगाला मालिश करण्यात, गावठी औषध आणण्यात आणि ‘सकाळी बघू’ म्हणण्यात.

म्हणून वाचकांना विनंती आहे. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडू लागला, बोलणं अडखळलं, यांतलं एक जरी लक्षण अचानक दिसलं तर घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. डावी बाजू असेल तर जास्तच घाई करा. रुग्णालयातून घरी निघताना डॉक्टरांना हातापायांइतकंच वागण्याबद्दलही विचारा. कुठे इजा झाली आहे, बोलण्यावर, लक्षावर, मनावर काय परिणाम होईल, घरात काय काळजी घ्यायची, हे विचारायला लाजू नका. डावीकडचं भान गेलं असेल तर जेवताना ताट थोडं उजवीकडे सरकवा आणि बोलताना डावीकडे बसून त्यांना तिकडे बघायची सवय लावा. डाव्या मनगटाला लाल दोरा किंवा ठसठशीत बांगडी बांधा. वाचा गेली असेल तर छोटी वाक्यं बोला, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा आणि शब्द त्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबा. आणि ‘नाटकं करतो’, ‘माया आटली’ हे शब्द त्या खोलीत उच्चारू नका. रुग्णाला ते बहुतेक वेळा ऐकू येतात, समजतात, आणि उत्तर देण्याची सोय त्याच्याकडे नसते.